मधला कॉलम गेला तर...

पन्हाळा रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉलीमागे अडकलेला माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एक तर देवाचं नाव घ्यायचं, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं खडे फोडायचे.

विद्याश्री यातलं काहीच करत नव्हती. स्कूटी पायांवर सावरत ती मागच्या ट्रॉलीच्या शेपटाकडे टक लावून बघत होती. वळणावर हे शेपूट किती बाहेर जाईल? आणि तिथे एखादी इमारत असली तर...? ही मुलगीच तशी. लग्नाच्या हॉलमध्ये तिला नवरा-नवरीच्या आधी बीम दिसायचे. इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करणाऱ्या माणसाला हे दुखणं असतंच, पण हिचं जरा जास्त होतं. चार वर्षं झाली, हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचं कारण पुढे येईलच.

तेवढ्यात डावीकडून एक बुलेट धडधडत आली. बुलेटवाल्यानं ट्रॉलीशेजारी गाडी घेतली, एका हातानं ऊस धरला आणि सर्रकन ओढून काढला. पुढे ट्रॅफिक थांबलाच होता. त्यानं पाय टेकले, गुडघ्यावर ऊस काडकन मोडला आणि अर्धा विद्याश्रीपुढे धरला.

"घ्या."

"ही चोरी आहे," ती म्हणाली.

"चोरी कसली? आमच्याच शेतातली ट्रॉली हाय."

"खरंच?"

"न्हाय." तो हसला. गालाला खळी पडली आणि ती त्याला शोभतही होती. "पण कुणाच्या तरी शेतातली हायच की! घ्या हो पावणं, गोड न्हाय लागला तर परत द्या."

तिनं ऊस घेतला. का घेतला ते तिलाही कळलं नाही.

"कुठल्या म्हणायच्या आपण?"

"नेसरीची."

"तरीच! बोलण्यात कन्नडचा हेल हाय."

"आणि तुमच्या बोलण्यात भांडणाचा."

तो मान मागे टाकून हसला. ट्रॉली हलली, बुलेट पुढे निघून गेली, आणि विद्याश्रीच्या स्कूटीच्या हुकाला अर्धा ऊस लोंबकळत राहिला.

पंधरा मिनिटांनी ती साइटवर पोचली. हंबीररावांची तीन मजली इमारत होणार होती. खाली दुधाची डेअरी, वर दोन मजले घर. आज पहिला स्लॅब. मिक्सरला झेंडूची माळ होती, नारळ फुटला होता, पंचवीस माणसं फावडी घेऊन तयार होती. मागच्या बाजूला तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात मटण रटरटत होतं. आमच्या कोल्हापुरात स्लॅबला सिमेंट एक वेळ कमी पडेल, मटण पडत नाही. आणि पातेल्याशेजारी उभं राहून उरलेला अर्धा ऊस खाणारा तो... मघाचाच.

"तुम्ही... इंजिनिअर?" त्यानं ऊस मागे लपवला.

"आणि तुम्ही चोर."

"कोण चोर?" हंबीरराव लगेच गरजले. त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "मॅडम, ह्यो आमचा पोरगा राजवीर. डेअरी ह्योच बघतो."

विद्याश्री हसू दाबत शिडीनं वर चढली, आणि वर गेल्यावर तिचं हसू मावळलं.

रस्त्याकडच्या बाजूला तीन कॉलम होते. त्यांच्यावरून जाणाऱ्या बीममध्ये तिनं मोबाईलचा उजेड टाकला. मधल्या कॉलमपाशी डावीकडून आलेल्या खालच्या सळया कॉलममध्ये जरा घुसून थांबल्या होत्या. उजवीकडच्याही तशाच थांबल्या होत्या. ड्रॉइंगमध्ये तर तिनं लाल पेनानं लिहिलं होतं, खालच्या सळया कॉलमच्या आरपार, सलग.

"ज्ञानूमामा, हे काय?"

सळया बांधणारा ज्ञानू फिटर वीस वर्षांचा अनुभवी माणूस. त्यानं शांतपणे तंबाखू मळली. "इकडची सळई हितं टेकली, तिकडची तितं. खाली कॉलम हाय की मॅडम. आरपार कशाला घुसवायची?"

"आणि कॉलमच गेला तर?"

"कॉलम कुठं जातोय? त्याला काय पाय हायत व्हय?"

पंचवीस माणसं खो-खो हसली.

हेच हसू विद्याश्रीनं चार वर्षांपूर्वी ऐकलं होतं. फुलेवाडीकडची साइट, तिची पहिलीच. हाच दोष, हाच जोक, फक्त फिटर वेगळा. तिनं घाबरत ऑफिसच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "जाऊ दे गं, सगळीकडं असंच करतात, काही होत नाही." आणि मालकीणबाई शालूबाईंनी, विद्याश्री लिंगायत, मटण खायची नाही, म्हणून तिच्या एकटीसाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. त्या पोळ्यांच्या भिडेपोटी तिनं स्लॅबच्या मंजुरीवर सही केली. स्लॅब झाला. इमारत आजही ताठ उभी आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची चाळीस पोरं तिथे माना खाली घालून बसतात. काहीही झालेलं नाही. पण रोज सकाळी ऑफिसला जाताना विद्याश्री वाट वाकडी करून तिथून जाते, खालचा कॉलम जागेवर आहे का बघते आणि मगच श्वास घेते.

"स्लॅब आज होणार नाही," ती म्हणाली.

"काय?" हंबीररावांच्या आवाजानं चुलीवरचं झाकण हललं असावं. "मिक्सर आलाय! माणसं आल्यात! मटण शिजलंय!"

राजवीरची आई तानाबाई पदर खोचत पुढे आली. "पोरी, असं करू नगंस. तुझ्यासाठी येगळी चूल मांडून झुणका केलाय, गव्हाची खीर केल्या..."

विद्याश्रीला शालूबाईंच्या पोळ्या आठवल्या. पुन्हा तेच! भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई, अव्वा, नेहमी म्हणायची.

"काकू, खीर मी खाते. पण सही नाही करत."

राजवीर शिडी चढून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "मॅडम, एक सांगा. कॉलम का जाईल?"

तिनं बोट दाखवलं. इमारतीच्या अगदी समोर रस्त्याला वळण होतं, आणि नेमकी त्याच वेळी एक जोडट्रॉली वळत होती. तिचं शेपूट झुलत झुलत बाहेर आलं आणि साइटची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून गेलं. तिथून मधला कॉलम दोन हातांवर.

"ब्रेक लागला नाही, उतारावर वेग आला... एवढं पुरतं," ती म्हणाली. "मधला कॉलम गेला की त्याच्यावरचा बीम मधोमध तुटतो, कारण खाली सळईच नाही. बीम गेला की स्लॅब जातो. तो वरच्या मजल्याला खाली ओढतो. धडक बसते एका कॉलमला, मरतं सगळं घर. कबड्डी खेळलाय ना तुम्ही?"

"तालुक्याला."

"साखळी धरता तेव्हा हात पकडता की नुसते शेजारी उभे राहता?"

"हात. मधला घसरला तर दोघं त्याला वडून धरत्यात..." तो बोलता बोलता थांबला. खाली वाकून त्यानं त्या तुटक सळयांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ. "ह्यांनी हात धरलेलाच न्हाय."

"तेच म्हणतेय मी."

"ज्ञानूमामा! लांब सळया मागवा. सगळ्या कॉलमच्या आरपार. स्लॅब परवा."

"आणि मटण?" हंबीरराव ओरडले.

"मटण खाऊया की आबा! मटणाला कुठं सळई लागती?"

माणसं पुन्हा हसली, पण या वेळी विद्याश्रीही हसली. खीर खाताना तिची नजर सारखी वर बीमकडे जात होती, आणि समोर बसलेला राजवीर ते बघून न बघितल्यासारखं करत होता.

त्या दिवसापासून तिचं सगळंच बिघडलं.

आधी एकच अस्वस्थता होती, आता दोन झाल्या. साइटवर जायचं असलं की ती दोनदा वेणी घालायची. राजवीर साइटवर नसला की पाय निघत नसे, असला की कुठे बघावं कळत नसे. तो ऑफिसवर खरवस पाठवायचा, डब्याच्या झाकणावर चिठ्ठी असायची. "आरपार हाय. तपासून घ्या." ती चिठ्ठ्या फेकायची नाही, ड्रॉइंगच्या नळीत ठेवायची. वरचे दोन्ही स्लॅब झाले तेव्हा ज्ञानूनं न सांगता सळया आरपार घातल्या होत्या, आणि इतरांना दटावतही होता.

दसऱ्यानंतर एका रविवारी दोघं पन्हाळ्यावर गेले. तीन दरवाजापाशी भन्नाट वारा होता. तिची ओढणी उडत होती आणि ती मान वर करून कमानीचे दगड बघत होती.

"मी तुमच्याकडं बघतोय," राजवीर म्हणाला, "आणि तुम्ही कमानीकडं. ह्यात काय न्याय हाय?"

"कमान कशी एकमेकांना रेटून उभी आहे बघा ना..."

"विद्या." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. वारा एकदम पडल्यासारखा वाटला. "मला भाषणं येत न्हाईत. पण जी बाई पंचवीस माणसांसमोर, शिजल्या मटणासमोर मागं हटली न्हाय... तिच्यासंगं मला जन्म काढायचाय. दोन्ही घरांत काय गोंधळ व्हायचा तो हूं दे. मी गावभर तुमचीच गोष्ट सांगत हिंडतोय. आमची इंजिनिअर कुणाच्या भिडंला बळी पडत न्हाय."

किती आनंद व्हायला हवा होता तिला! झालाही, क्षणभर. मग शेवटचं वाक्य काट्यासारखं रुतलं. भिडंला बळी पडत नाही... आणि फुलेवाडी? याचं प्रेम ज्या मुलीवर बसलं होतं, ती मुलगी चार वर्षांपूर्वी पोळ्या खाऊन सही करून आली होती. हे कळलं तर? आणि नाही सांगितलं तर आयुष्यभर कुणाच्या नावावर प्रेम घ्यायचं?

"मला... थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला, पण तो "बरं" म्हणाला.

वेळ गेला. दिवाळी झाली, उसाचा हंगाम सुरू झाला. हंबीररावांनी वास्तुशांत केली, तिला आग्रहाचं बोलावणं आलं, ती ताप आल्याचं सांगून गेली नाही. तिची अव्वा शांतव्वा सगळं ओळखून होती. "ताप अंगात न्हाय गं तुझ्या, मनात हाय," एवढंच म्हणाली. विद्याश्री रोज फुलेवाडीवरून जात राहिली. आता रस्त्यावर ट्रॉल्या होत्या, त्यामुळे दिवसातून दोनदा. खरंच सांगायचं तर तिला स्वतःचा राग यायला लागला होता. तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं आणि गप्प बसवत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी सातला फोन वाजला. ज्ञानू होता. "मॅडम... ट्रॉली घुसली. मधला कॉलम... गेला."

ती कशी पोचली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

रस्त्यावर ऊसच ऊस पसरला होता. ट्रॉली आडवी पडली होती. ट्रॅक्टरवाला कडेला बसून पाणी पीत होता, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. दूध घालायला आलेली माणसं किटल्या हातात धरून लांब उभी होती. आणि इमारतीच्या पुढच्या बाजूला, जिथे मधला कॉलम होता, तिथे वीतभर बुंधा उरला होता आणि वाकलेल्या सळया. वर नुसती मोकळी जागा.

पण घर उभं होतं.

बीम मधोमध चार बोटं झुकला होता, भिंतीला तिरक्या भेगा गेल्या होत्या, एका खिडकीच्या काचा फुटल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या कॉलमांनी मधल्याचं ओझं आपल्याकडे ओढून घेतलं होतं, आणि खालून सलग गेलेल्या त्या सळया ताणून धरून होत्या.

"माणसं?" तिनं विचारलं.

"सगळी खाली आल्यात," ज्ञानू म्हणाला. "तानाबाई तेवढ्या म्हणत हुत्या, दूध उतू जाईल, गॅस बंद करूनच येते. केला आणि आल्या बघा. पर राजवीर..."

राजवीर त्या झुकलेल्या बीमच्या बरोबर खाली उभा होता. मान वर करून, उघड्या पडलेल्या सळयांकडे बघत.

"राजवीर!" ती किंचाळली. "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये! अक्कल आहे का तुला? टेकू दिलेला नाही अजून, मेला असतास तर मी काय केलं असतं?"

किटलीवाली माणसं वळून बघायला लागली. राजवीर बाहेर आला. त्याच्या केसांत सिमेंटची धूळ होती आणि चेहऱ्यावर मुलासारखं आश्चर्य.

"धरलं गं त्यांनी," तो म्हणाला. "हात धरून ठेवलं."

तिला रडू फुटलं. पण रडायलाही सवड नव्हती. पुढचे दोन तास ती, ज्ञानू आणि सेंट्रिंगची माणसं लोखंडी टेकू लावत होती. शेवटचा टेकू आवळला तेव्हा सव्वानऊ झाले होते. हंबीरराव रस्त्याकडेला ट्रॅक्टरवाल्याशेजारी बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "पोरी, त्या दिवशी मटणासाठी तुझ्यावर वरडलो मी."

एवढं ऐकलं आणि विद्याश्रीला राहवेना. ती राजवीरला हाताला धरून उसाच्या ढिगापलीकडे घेऊन गेली.

"तू ज्या मुलीची गोष्ट गावभर सांगतोस ना... ती मी नाही." आणि मग तिनं सगळं सांगितलं. फुलेवाडी, तुटक सळया, साहेबांचा फोन, पोळ्या, सही. रोजची वाकडी वाट. "इथे मी थांबवलं ते धाडस म्हणून नाही. तिथे नाही थांबवलं म्हणून. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. साहेब नोकरीवरून काढतील, लोक काम द्यायचे नाहीत, सगळं कबूल. पण आज हे डोळ्यांनी बघितल्यावर..."

राजवीरनं मागे वळून त्या झुकलेल्या बीमकडे पाहिलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकेना.

"वर किती पोरं बसत्यात?" त्यानं विचारलं.

"चाळीस."

"किती वाजता उघडतं?"

"दहाला."

त्यानं घड्याळ बघितलं. "मग हितं काय करतीयास? बस गाडीवर."

"राजवीर..."

"आज माझी आई घराबाहेर चालत आली, विद्या. तुझ्या त्या चुकीनं तिला वाचवलंय, असं धर की." त्यानं खिशातून किल्ली काढली. "बस."

निघताना त्यानं ट्रॉलीवाल्याला हाक मारली, "दादा, थोडा ऊस घेतो!" आणि यावेळी विचारून घेतलेला मोळीभर ऊस तिच्या मांडीवर आडवा ठेवला. बुलेट सुटली. गार वारा डोळ्यांत जात होता. तिनं एका हातानं ऊस धरला आणि दुसरा... जरा विचार करून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"तू पन्हाळ्यावर विचारलं होतंस," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "त्याचं उत्तर..."

"दिलंस की मघाशीच. शिव्या घालून. शंभर माणसं साक्षीला हायत."

फुलेवाडीला पोचले तेव्हा दहाला पाच कमी होते. शालूबाई दारात रांगोळी काढत होत्या. विद्याश्रीला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगोबाई, आमची पोळ्यावाली इंजिनिअर! ये ये, किती वाळलीस गं! बस, चहा टाकते."

तीच माया, तेच हसू. पुन्हा एकदा भीड आडवी आली. विद्याश्रीनं मागे वळून पाहिलं. राजवीर अभ्यासिकेच्या जिन्यात आडवा उभा राहिला होता आणि दप्तरं घेऊन आलेल्या पोरापोरींना एकेक ऊस मोडून देत होता. "आज सुट्टी. व्हय, खरंच सुट्टी. वर जायचं न्हाय. ऊस खावा आणि घरला जावा."

तो तिच्याकडे बघून किंचित मान हलवून हसला.

"चहा नंतर, मावशी," विद्याश्री म्हणाली. "आधी आकारामकाकांना बोलवा. तुमच्या घरात एक चूक राहिली आहे. ती माझी आहे."

शालूबाईंचे यजमान आकाराम आले. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. समोरून एक ट्रॉली गेली तशी सगळ्यांची नजर आपोआप कॉलमकडे गेली. आकारामांचा चेहरा लाल झाला. ते तिला लागतील अशी दोन-चार वाक्यं बोलले, आणि ती ते ऐकत उभी राहिली. मग त्यांनी कॉलमवरून हात फिरवला.

"दुसरी कोण असती तर आली नसती," शेवटी ते म्हणाले. "आता काय करायचं ते सांग."

"खाली कॉलमपुढे काँक्रीटचा कठडा, आजच. बीमला खालून लोखंडी पट्ट्या, कॉलम जाड करायचा. होईपर्यंत अभ्यासिका बंद. दीड महिना लागेल." ती दम घ्यायला थांबली. "मी रोज येईन."

"आम्ही रोज येऊ," मागून राजवीर म्हणाला.

शालूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा आला तेव्हा विद्याश्री पायरीवर बसली, राजवीर शेजारी, मध्ये उरलेला एक ऊस. चार वर्षांत पहिल्यांदा ती त्या इमारतीखाली बसली होती, आणि पहिल्यांदाच तिला तिथून पळावंसं वाटत नव्हतं.